घटना घडेपर्यंत

“कठडा नुसत्या खिळ्यांवर उभाय. बोल्ट आलेच नाहीत,” सुतार म्हणाला.

“रंग वाळलाय ना? मग झालं,” प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला. “शॉट एकच आहे.”

हे बोलणे झाले सेटवरच्या दुमजली घराच्या सज्जात, आणि ऐकले ते स्टुडिओच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या साउंड रेकॉर्डिस्ट बाईने. सज्जातल्या आरामखुर्चीत म्हातारा नट डोळे मिटून पडला होता. त्याच्या सदऱ्याआड लावलेला माइक तेवढा जागा होता. त्या दोघांच्या बोलण्याखाली म्हाताऱ्याचा संथ श्वास तिला ऐकू येत होता. पुढच्याच शॉटमध्ये त्याला त्या कठड्यावर रेलून, खालच्या अंगणातून निघून जाणाऱ्या मुलीला हाक मारायची होती.

उघड्या राहिलेल्या माइकमधून आलेले कोणाचेही खाजगी बोलणे हेडफोनबाहेर जाऊ द्यायचे नाही, हा तिच्या धंद्याचा धर्म. तो तिने निष्ठेने पाळला होता. सेटवरची भांडणे, लफडी, रडणी तिच्यापाशी सुखरूप होती. त्याचे बक्षीस म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिच्या शेजारी कोणी बसत नसे.

तिने हेडफोन गळ्यात उतरवला आणि मॅनेजरला गाठले.

“साउंडताई,” तो हसून म्हणाला, “तुमचं काम कान लावायचं. नाक खुपसायचं नाही.”

“काका पडतील.”

“वजन बघितलंय का त्यांचं? पडतील कसले, उडतील फार तर.” मग हसू पुसून तो म्हणाला, “पुढच्या सिरियलची माणसं मीच निवडतोय, एवढं लक्षात असू द्या.”

ती जिन्यात गेली आणि तिने हेड ऑफिसला फोन लावला. सेटवर काही अडचण आली तर निःसंकोच कळवा, असे सांगून प्रत्येक फ्रीलान्सरला हा नंबर पहिल्याच दिवशी आवर्जून दिला जात असे. पलीकडचा आवाज तरुण आणि अत्यंत सुसंस्कृत होता.

“घटना घडली आहे का, मॅडम?”

“नाही. घडेल. थोड्या वेळात.”

“मग आत्ता तो सेटवरचा प्रश्न आहे. तो मॅनेजर सरांना कळवायचा असतो.”

“त्यांना माहीत आहे. त्यांनीच तर—”

“अरे वा, म्हणजे कळवलंय तुम्ही! छान. घटना घडली की लगेच आम्हाला फोन करा हं. अजिबात संकोच करू नका.”

बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी मूर्खपणाचा नमुना म्हणून रचली असावी. हेड ऑफिसने तिला कार्यपद्धतीचा दर्जा दिला होता. बैल दावणीला असताना गोठ्याची चौकशी करणे, हा तिथे अधिकाराचा अतिक्रम होता.

ती परत आली तेव्हा मॅनेजरच्या खिशातला फोन वाजत होता. त्याने तो कानाला लावला. “हो, हो. नाही हो, तसं काही नाही. बघतो मी,” असे म्हणाला, आणि दुरूनच तिला हात केला.

शॉट लागला. म्हातारा खुर्चीतून उठून सज्जाच्या मध्यभागी उभा राहिला. दिवे पेटले, पंखे बंद झाले. तिने हेडफोन पुन्हा कानांवर चढवला.

“साउंड?” दिग्दर्शकाने विचारले.

या प्रश्नाला ‘रोलिंग’ असे उत्तर आल्यावाचून सेटवर पुढचा शब्द निघत नाही. तिने उत्तर दिले नाही.

“साउंड?”

सगळे तिच्याकडे वळले. तेवढ्यात तिच्या कानात, फक्त तिच्याच कानात, कुजबुज आली. म्हातारा समोर पाहत, ओठ जेमतेम हलवत बोलत होता.

“पोरी, म्हण की रोलिंग. मघाशी मी काही झोपलो नव्हतो. पण या वयात कठड्याला भितो म्हटलं, की परत बोलावणं येत नाही. घर खायला उठतं गं. त्यापेक्षा कठडा बरा.”

तिला त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्याला एक शब्द ऐकवण्याची सोय तिच्या यंत्रात नव्हती.

“साउंडशिवाय घ्या,” मॅनेजर मागून म्हणाला. “आवाजाचं डबिंगला बघू.”

संबंध सेटवर तिला असलेला एकुलता एक अधिकार असा दोन वाक्यांत निकालात निघाला. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. कॅमेरा सुरू झाला.

तिने हेडफोन काढून खुर्चीवर ठेवला. जमिनीवरच्या केबली ओलांडत ती अंगणात गेली आणि जिची सावलीदेखील चित्रात पडता कामा नये अशी ती बाई सज्जाखाली, भर उजेडात उभी राहिली.

“ताई,” कॅमेरामन हळूच म्हणाला, “तुम्ही फ्रेममध्ये आहात.”

“माहीत आहे.”

तिला ओढून न्यायला कोणी पुढे आले नाही. तिच्या बाजूला येऊन उभे राहायलाही नाही. सुतार जमिनीकडे पाहत होता. वर, कठड्यापासून हातभर अंतरावर, म्हातारा थबकला होता. त्याचे ओठ हलत होते. तो तिच्याशीच बोलत असावा, आणि हेडफोन तिकडे रिकाम्या खुर्चीवर होता.