खिशातली थरथर

शर्टाच्या खिशात फोन थरथरला आणि भैयाजींनी चटकन मागे वळून पाहिलं. कुंपणापलीकडे शेजारचे नानाजी हात हलवत उभे होते. म्हणजे हाक त्यांची. भैयाजींनीही हात हलवला आणि अंगणातल्या खाटेवर पुन्हा पाठ टेकली. आठ दिवस झाले, फोन थरथरला की ते आशेनं वळत होते. बायकोनं, धुरपतानं, मात्र एकदाही हाक मारली नव्हती.

हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून तीस वर्षं काढली, त्यात भैयाजींचे कान हळूहळू गेले. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिट्टी, मग माणसं. कानातलं मशीन लावून पाहिलं, तर त्यानं नुसता गोंगाट वाढवला. जिनिंगमध्ये रुई उडायची, केसांवर, भुवयांवर अलगद बसायची. तशीच ती आता साऱ्या जगावर बसली आहे असं त्यांना वाटे. माणसं दिसत, ओठ हलत, पण सगळं मऊ आणि लांब लांब.

मागच्या रविवारी त्यांची लेक जागृती सेवाग्रामहून आली. ती तिथे दवाखान्यात नर्स आहे. बापाचा फोन तिनं हातात घेतला आणि दुपारभर सोडला नाही. अक्षरं वाटाण्याएवढी केली. नको ती चित्रं पडद्यावरून काढून टाकली. फोन आला की टॉर्च चमकेल असं केलं. समोरचा माणूस जे बोलेल ते पडद्यावर लिहून येईल, अशीही सोय केली. भैयाजी बघतच राहिले. तीन वर्षं हा फोन त्यांनी फक्त वेळ पाहायला वापरला होता.

"एवढं सारं याच फोनात होतं?"

"होतंच ना बाबा. तुमीच कदी आत शिरून पायलं नाई."

शेवटी तिनं एका चौकोनात त्यांचं नाव लिहिलं. कोणी ते नाव घेतलं की फोन हलणार. पाठीमागून बोलावलं तरी कळणार.

तेव्हापासून फोन भैयाजींच्या खिशातच असे. दूधवाल्या हिरालालनं हाक मारली, फोन थरथरला. विहारातल्या बैठकीत कोणी त्यांचं नाव घेतलं, थरथरला. आपण गावाच्या तोंडात अजून आहोत, हे पाहून त्यांना बरं वाटलं. फक्त घरात फोन गप्प राही. जेवण तयार झालं की धुरपता येई, खांद्यावर बोट टेकवी, ताटाकडे दाखवी आणि जाई. भैयाजी मुद्दाम तिच्याकडे पाठ करून बसले, अंगणाच्या पार टोकाला जाऊन बसले. तरी ती तेवढं चालत यायची आणि बोट टेकवायची. बहिरा झालो तसं हिनं मला हाक मारायचंच सोडून दिलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते फार लागलं त्यांना.

त्या दुपारी खाटेवरच त्यांचा डोळा लागला. स्वप्नात जिनिंगचं फाटक होतं. हवेत रुई तरंगत होती आणि तरणी धुरपता डबा घेऊन उभी होती. तिच्या केसांत रुईचे पुंजके होते. ती हाक मारत होती. तिचे ओठ स्पष्ट दिसत होते, पण शब्द काही ऐकू येईना. भैयाजी जागे झाले आणि तो शब्द आठवू लागले. चाळीस वर्षं ज्या हाकेवर ते वळले, ती हाक कोणती होती? आठवेना. कान गेले तेव्हाही वाटली नव्हती एवढी भीती त्यांना आता वाटली.

धुरपता गहू निवडत ओसरीवर बसली होती. भैयाजी उठून तिच्यासमोर जाऊन बसले आणि फोन दोघांच्या मधे ठेवला.

"तू मले कायनं बलावत होती वं?"

तिचा हात सुपातच थांबला. मग पडद्यावर अक्षरं येऊ लागली. फोन सगळं शाळेतल्या मराठीत लिहायचा. भैयाजी ते मनातल्या मनात धुरपताच्या बोलीत करून वाचायचे.

"नवऱ्याचं नाव कोणती बाई घेते जी? उखाण्यात घेतलं थेवढंच. मी तं 'आयकलं का' म्हनत होती."

भैयाजींनी पडद्यावरून डोळे उचलले नाहीत. ती आणखी काही बोलत होती.

"मंग तुमचे कान गेले. ज्याले आयकू येत नाई, त्याले 'आयकलं का' कसं म्हनू? आपल्याच मानसाले चिडवल्यावानी वाटे मले. म्हनून सोडून देल्लं."

भैयाजींनी फोन उचलला. जाड बोटानं चाचपडत तो चौकोन शोधला. त्यात एकाच नावाची जागा होती. त्यांनी आपलं नाव एकेक अक्षर करून पुसलं आणि तिथे दुसरे दोन शब्द लिहिले. फोननं 'आयकलं'चं 'ऐकलं' केलं. ते त्यांनी राहू दिलं. "आता म्हनत जाय," ते धुरपताला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नानाजी कुंपणाशी ओरडून ओरडून दमले. फोन जागचा हलला नाही. भैयाजी तिकडे पाठ करून, अंगणाच्या पार टोकाला, डोळे मिटून बसले होते. स्वयंपाकघराच्या दारात धुरपता आली, थबकली आणि तिनं इकडेतिकडे पाहिलं. तिचे ओठ हलले.

छातीपाशी फोन थरथरला.

"आयकलं वं," भैयाजी म्हणाले.