स्टेशनपासून सात मिनिटं

लेकीला या घरात राहायला येऊन दोन वर्षं झाली होती. आई पहिल्यांदाच एकटी येणार, म्हणून तिने फोनवर सगळं बैजवार लिहून पाठवलं. मेट्रोतून उतरलीस की तीन नंबरच्या दरवाजाने बाहेर पड. डावीकडे औषधांचं दुकान, मग चष्म्याचं, पुढे निळं फाटक. दुसरा मजला. स्टेशनपासून बरोबर सात मिनिटं. कुणाला काही विचारायची गरजच पडणार नाही.

सात मिनिटांचे पावणेदोन तास झाले. आई फोन उचलेना. लेकीच्या जिवाची नुसती घालमेल. शेवटी पायात चपला अडकवून तिने दार उघडलं, तर जिन्यातून आई येत होती आणि मागून तिची पिशवी घेऊन एक वयस्कर गृहस्थ.

"कुठे होतीस? रस्ता चुकलीस ना?"

"छे गं! तू लिहिलेलं अगदी चोख होतं. पण औषधवाल्या बाईंनी बसवूनच घेतलं. त्यांच्या सुनेला काल मुलगी झालीये. चष्मेवाल्याने माझी सैल झालेली काडी बसवून दिली. पैसे घेईना मेला! आणि हे भेटले फाटकाशी. काय सुरेख गातात म्हणून सांगू!"

लेक ओशाळली. "थँक्यू हं, काका. आमच्या आईपायी तुम्हाला उगाच एवढं लांब यावं लागलं. कुठे राहता तुम्ही?"

काकांनी पिशवी तिच्या हातात दिली, खिशातून किल्ली काढली आणि समोरचं दार उघडलं.

"इथे."