वासुदेवरावांचं नाक

“बाबा, बिडी नाही ते. इतक्या घाईनं काहून ओढता?” कामिनी म्हणाली.

पण वासुदेवरावांचा हात ऐकत नव्हता. बिडी सारखी ओढत राहावी लागते. जरा थांबलं की विझते. जन्मभराची सवय. त्यांनी एकामागोमाग झुरके घेतले, धूर छातीत भरला आणि ठसका लागला. जीभ पोळली. सिगारचं टोक चुलीतल्या निखाऱ्यासारखं लाल झालं.

“नुसतं गरम लागते,” ते म्हणाले. “बाकी काहीच नाही.”

बापलेक अंगणात खाटेवर बसले होते. स्वयंपाक अर्धवट टाकून आनंदाबाईही बाहेर आल्या आणि उंबऱ्यावर टेकल्या. सिगारचं त्यांना काही कौतुक नव्हतं. त्यांना नवऱ्याचा चेहरा पाहायचा होता.

वासुदेवराव पवनीच्या एका बिडी कारखान्यात जर्दा मिसळायचे. गावोगावच्या बाया घरी बसून बिड्या वळत. पण त्यांत भरायचा तंबाखू कडक झाला की हलका, हे वासुदेवरावांचं नाक ठरवायचं. मग कोरोनाच्या साथीत त्यांना ताप आला. ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. मालक थांबा म्हणत होता, तरी त्यांनी काम सोडलं. “आंधळ्यानं मोटार चालवाची काय?” एवढंच ते म्हणाले होते.

घरी मात्र ताटावर बसले की ते रोज म्हणायचे, “वा, काय वास सुटला.” आनंदाबाईंना बरं वाटायचं. एक दिवस वरणाला फोडणी द्यायची राहून गेली. त्या दिवशीही वासुदेवराव तेच म्हणाले. तेव्हापासून आनंदाबाई मुकाट्यानं वाढत आणि मुकाट्यानं ताट उचलत. आपल्या हातचं आता या घरात कोणाला कळत नाही, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

कामिनी हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलात नोकरीला होती. पाहुण्यांना सिगार कापून, शिलगावून देणं हेही तिचं काम. सगळी हयात तंबाखूत गेली, पण बाबांनी सिगार कधी ओढला नाही, हे तिच्या मनात होतं. म्हणून सुट्टीवर येताना तिनं दुकानातला सगळ्यात सौम्य सिगार निवडून, खोक्यासकट आणला होता.

“खाली ठेवा त्याले जरा,” ती म्हणाली.

“विझन ना.”

“नाही विझत. अन् विझला तं मी हाओ पेटवाले. थंड होऊ द्या.”

लहानपणी कामिनी गरम दूध घाईनं प्यायची आणि जीभ भाजून घ्यायची. तेव्हा वासुदेवराव तिला फुंकर घालायला शिकवायचे. आज ती त्यांना थांबायला शिकवत होती. ते थांबले.

हाती काही काम नाही म्हणून त्यांनी सिगार बोटांत फिरवून पाहिला. गव्हाळ रंगाचं पान होतं, रेशमासारखं. कुठे जाड शीर नाही, डाग नाही.

“याले उन्हातून जपलं असन कोणी,” ते म्हणाले. “उघड्यावरचं पान इतकं नाजूक नाही राहत.”

“आता ओढा. हळू. छातीत नका नेऊ. तोंडात धरा. आता सोडा, थोडासा नाकातून.”

धूर पांढरा आणि पातळ निघाला. पहिल्या झुरक्यात काही नव्हतं. कामिनीनं हॉटेलातल्या गमती सांगितल्या. मध्येच ती म्हणे, “आता घ्या,” आणि ते घेत. ठसका आला नाही. जीभ पोळली नाही. आणि मग वासुदेवरावांनी सिगार तोंडातून काढून त्याच्याकडे पाहिलं.

“तणीस,” ते म्हणाले. “धानाचा. उन्हात वाळलेला.”

कामिनी त्यांच्याकडे पाहतच राहिली.

“अन् हे फुटाणे. कढईतून काढल्या काढल्या येते ना, तसे.”

“मी सांगत होती ना, बाबा, हळू ओढा म्हणून.”

“पोरी,” उंबऱ्यावरून आनंदाबाई म्हणाल्या, “खोक्यावरचं तूच मघा वाचून दाखवलं त्यायले. वाळलेलं गवत म्हणे, भाजलेले दाणे म्हणे. तेच सांगून रायले ते. तुयं मन राखाले. माह्यंही राखतेत रोज.”

कामिनीची मान खाली गेली. खरंच, खोक्यावर तसंच लिहिलं होतं, आणि तिनं ते मोठ्यानं वाचलं होतं.

वासुदेवराव रागावले नाहीत. चूक त्यांचीच होती. इतक्या वेळा खोटी वाहवा केल्यावर खऱ्याला कोण विचारतं? त्यांनी आणखी एक झुरका घेतला. घाई न करता तोंडात धरला आणि नाकातून सोडला. धूर इतका हलका होता की अंगणातल्या हवेत कुठे विरला ते कळलं नाही.

त्यांनी मान वर केली. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं. सिगार खाटेच्या काठावर ठेवला आणि दाराकडे पाहिलं.

“अवो,” ते म्हणाले, “पोरगी आली म्हणून चिन्नोर शिजवाले ठेवला काय? लागला तो खाली.”

आनंदाबाई उंबऱ्यावरून उठून खाटेजवळ आल्या. पोरीसाठी वासाचा तांदूळ काढला, हे त्यांनी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं. कामिनीनं नाक वर केलं. तिला कसलाच वास आला नाही. मग वाऱ्याची एक झुळूक आली, आणि करपलेल्या भाताचा वास तिलाही लागला. ती आत धावायला उठली.

आनंदाबाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. त्या हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

“बस,” त्या म्हणाल्या. “लागू दे. अजून लागू दे.”