खरगपूरचा कौल

विष्णुपंतांनी तळवे धोतराला पुसले, पण दगडावर ठेवायच्या आत ते पुन्हा ओले झाले.

देवळाच्या आवारातला हा वाटोळा दगड. तुळजापुरात त्याला चिंतामणी म्हणतात. दोन्ही हात अलगद टेकवायचे, मनात प्रश्न धरायचा. दगड उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही.

"मन घट्ट कर," मागून तात्या म्हणाले. तात्या थोरले भाऊ. घराण्याची पूजा त्यांच्याकडं होती. विष्णुपंत हायस्कुलात गणित शिकवत. "आणि सरळ विचार. चारूला खरगपूरला धाडू का नको."

चारू दगडाच्या पलीकडं, वडलांच्या समोर उभी होती. तिचा इंटरचा निकाल लागल्यापासून घरात हाच विषय. औरंगाबादला सिव्हिलची जागा मिळत होती. तिथं मावशी होती, रविवारी जेवायला जाता आलं असतं. पण तिला हवं होतं एरोनॉटिकल, आणि ते खरगपूरला, पार बंगालात. तात्यांनी आधी नाही म्हटलं, मग आठवडाभर अबोला धरला, मग म्हणाले, देवी सांगेल तसं करू. चारूनं तसा शब्द दिला.

विष्णुपंत मात्र पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते, "जा. खुशाल जा."

तेच आता अंगाशी येणार होतं. लहानपणापासून त्यांनी या दगडापाशी बसलेली माणसं पाहिली होती. ज्याच्या मनात जे असतं तेच त्याच्या हातांत उतरतं, हे त्यांना कळून चुकलं होतं, पण कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तात्यांना तर नाहीच. माणसाला स्वतःला पत्ता लागत नाही, मनगट आपलं काम करून मोकळं होतं. आणि समोर उभी असलेली ही मुलगी फिजिक्समध्ये कॉलेजात पहिली आली होती. ती दगडाकडं बघणार नव्हती. हातांकडं बघणार होती.

माकणीची एक म्हातारी मागं नंबर धरून बसली होती. तिची म्हैस हरवली होती. "लेकीच्या लग्नाचं इचारताव व्हय?" तिनं विचारलं.

"लग्नाचं नाही," तात्या तुटकपणे म्हणाले. "विमानं बनवायचं शिकायला जायचंय तिला."

"इमानं?" म्हातारीनं चारूला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "पोलीस ॲक्शनला आमच्या रानावरनं गेल्ती. आमी समदी ज्वारीत पालथी पडलो व्हतो. तसल्यात बसायचं व्हय गं बाई?"

"बसायचं नाही आजी," चारू हसली. "नुसती बनवायची."

"बनिवल्यावर कुणीतरी बसंलच की."

चारूचं हसू ओसरलं. "म्हणून तर नीट बनवायची," ती म्हणाली. बोलली म्हातारीशी, पण बघत होती वडलांकडं.

विष्णुपंतांनी डोळे मिटले. जाऊ दे तिला, ते मनात म्हणाले. पाढा घोकावा तसं पुन्हा पुन्हा म्हणाले. पण पाढ्याच्या मधेच रेडिओवरची ती बातमी आली, डोंगरात पडलेल्या विमानाची. मग स्वयंपाकघर आलं. चारूची आई गेल्यापासून तिथं दोन ताटं असत.

तळव्याखाली काहीतरी हललं. आधी वाटलं, भास. मग दगडाची खरखर ऐकू आली.

"डावीकडं," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, सुटका होती. "झालं. देवीच्या मनात नाही. सिव्हिल काय वाईट आहे? पूल बांध, रस्ते बांध. पाय तरी जमिनीवर राहतील."

चारूची नजर वडलांच्या मनगटांवर होती. शिरा तटतटल्या होत्या.

"अण्णा," ती हळू म्हणाली, "देवी नाही म्हणाली असेल तर मी औरंगाबादला जाईन. शब्द दिलाय. पण तुम्ही म्हणाला असाल, तर तसं सांगा."

"चारू! कुठं उभी आहेस, काय बोलतेस!" तात्या कडाडले.

विष्णुपंतांचे हात अजून दगडावरच होते. ते त्यांनी एकेक करून उचलले, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे.

"हात माझे होते," ते म्हणाले.

तात्यांनी घाईनं दोन्ही कानांना बोटं लावली. "विष्णू, तुझं चित्त थाऱ्यावर नाही. जरा दम खा, नाव घे आणि पुन्हा ठेव."

"पुन्हा ठेवले तरी तिकडंच जाईल, तात्या. उद्या ठेवले तरी. ती विमानं बनवायला लागल्यावर ठेवले तरी."

"मग?"

"मग काय? ट्रंक भरायची राहिलीय तिची."

गुडघ्यांवर भार देत ते उठले आणि चारूकडं न बघता पायऱ्यांकडं चालू लागले. चारूला पाऊल उचलायला थोडा वेळ लागला. तात्या तिथंच उभे राहिले.

नंबर आला म्हणून म्हातारी बसल्या बसल्या पुढं सरकली. तिनं दगडाला कपाळ टेकवलं, दोन्ही हात वर ठेवले आणि लगेच उचलून बघितले.

"अगं बया," ती म्हणाली, "ह्यो दगुड वला कशानं झालाय?"