मीटिंगची खोली

दादाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये आवाज जाऊ नये म्हणून आईने मिक्सर ओट्यावरून उचलून हॉलमध्ये आणला आणि माझ्या उशाशी सुरू केला.

“आई, मी रात्रपाळी करून आलेय गं!” मी ओरडले. “काल लॅबमध्ये झोपेच्या गुंगीत दोन पेशंटच्या रक्ताला एकमेकांची लेबलं लावणार होते. आज पुन्हा जायचंय मला.”

“हळू बोल. त्याच्या एका पगारात तुझ्यासारख्या चार जणी बसतील. आणि तो काम करतोय, तू झोपतेयस.”

मी तणतणत दादाच्या खोलीचं दार उघडलं. पडदे ओढलेले, एसी चालू. लॅपटॉपवर त्याच्या साहेबांचे ओठ हलत होते. माईक बंद, कॅमेरा बंद, आणि दादा हेडफोन लावून खुर्चीत चक्क घोरत होता.

आईला हाक मारायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हॉलमधली उशी आणली, दार लावून घेतलं आणि त्याच्या टेबलाखाली आडवी झाले.

डोळा लागता लागता बाहेरून आईचा दबका आवाज आला, “अहो, टीव्ही बंद करा तो. आत काम चाललंय.”