मूठभर बेदाणे

वीस वर्षं खपून श्रेणिकअण्णांनी तासगावात द्राक्षाची नवी जात तयार केली, आणि भरतेशने तिच्या काड्या चोरून तिला स्वतःचं नाव दिलं. अण्णा भांडले नाहीत. कागदातून कापलेला डावा हात उचलून पालथा टाकला की उजवा होतो, तसंच त्यांच्या एआयने भरतेशला क्षणभर चौथ्या मितीत उचललं आणि आरशातल्यासारखा उलटा करून जागेवर ठेवलं. त्याला काही कळलंसुद्धा नाही. पण डावा जोडा उजव्या पायात बसत नाही, तसं तेव्हापासून जगातलं कुठलंच सरळ अन्न त्याच्या उलट्या अंगी लागेना. तसेच उलटे केलेले बेदाणे तेवढे पचायचे, आणि ते फक्त अण्णांकडे होते. रोज मूठभर न्यायला तो दारात यायचा.

वर्षभराच्या चुकांची माफी मागायची ती क्षमावाणी आली. भरतेश काठी टेकत आला.

"अण्णा, ती जात तुमची हाय. मीच चोरली. गावाम्होरं सांगतो, पर क्षमा करा."

"केली रं गड्या. झालं गेलं इसर." अण्णांनी बेदाण्यांचा अख्खा डबाच त्याच्या हातात दिला. आत अण्णांच्या पत्नी त्रिशलाकाकूंनी डोळ्यांना पदर लावला.

तो फाटकाबाहेर गेल्यावर एआयने विचारलं, "मग आता उलटं केलेलं सगळं सरळ करू?"

"कर," अण्णा म्हणाले. "पण फक्त बेदाणे."