एकेचाळिसावा तास

एकेचाळिसाव्या तासाला मशीन पुन्हा बंद पडलं. पडद्यावर तोच मेला लाल संदेश : डिस्क वाचता येत नाही. प्रतिक्षानं कपाळावर हात मारून घेतला. तिसरी खेप!

सोलापूरच्या उन्हात तग धरणाऱ्या ज्वारीत एक प्रथिन असतं. घडी पडून ते कोणता आकार घेतं, याचं गणित होतं हे. सलग बहात्तर तास चालायला हवं. सोमवारी समिती येणार होती. तोवर उत्तर हाती नसेल तर कॉलेजातलं हे कपाटाएवढं यंत्र उचलून पुण्याला नेणार आणि प्रतिक्षाची चार वर्षं पाण्यात. मागच्या खेपेला कंपनीचा माणूस आला होता. त्यानं सहा कप चहा ढोसला, डिस्क बदलल्या आणि गेला. फरक शून्य.

यंत्राच्या खोलीचा शिपाई चनबसप्पा. तीस वर्षं यंत्रमाग दुरुस्त करायचा. कारखाना बंद पडला तसा इथं चिकटला. त्या खोलीतल्या घरघरीनं बाकीच्यांचं दहा मिनिटांत डोकं उठायचं, हा मात्र तिथंच खुशाल डबा खायचा. मागून चार हाका मारा, वळायचा नाही. "माजलाय," पोरं म्हणायची. समोर बोलायला जावं तर तोंडाकडे टक लावून बघत बसायचा.

त्या गुरुवारी, मशीन तिसऱ्यांदा बंद पडल्यावर, तो उठला आणि त्यानं यंत्राच्या कपाटावर तळहात टेकला. मग हात वर सरकवला. एसीला उन्हाळा झेपेना म्हणून पोरांनी कपाटालाच एक मोठा पंखा बोल्टनं आवळून टाकला होता. तिथं हात थांबला.

"हितं हात लावा की, मॅडम. ह्यो पंखा समदं कपाट हादरवतोय. शेजारचा माग हादरला की आपलं सूत तुटतंय. सुताचा दोष नसतोय त्यो."

पोरं फिदीफिदी हसली. गाईड लीला मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "पान्हा आणा."

पंखा सुटला, वेगळ्या स्टुलावर गेला. कपाटाच्या पायांखाली चनबसप्पानं जुन्या पट्ट्याचे रबरी तुकडे सारले. संध्याकाळी गणित पुन्हा सुरू झालं.

शनिवारी एकेचाळिसावा तास आला आणि गेला. प्रतिक्षानं श्वास सोडला. रविवारी संध्याकाळी पडदा हिरवा झाला : गणित पूर्ण. अशी काही किंचाळली पोरगी! लीला मॅडम तर चक्क शिट्टी वाजवायला गेल्या, वाजली नाही ते सोडा.

चनबसप्पा पाठमोरा डबा खात होता. एवढा दंगा झाला तरी वळला नाही. प्रतिक्षा धावत त्याच्या पुढ्यात गेली आणि तिनं त्याचे खरकटे हात धरले.

"मामा, जमलं! पण एवढ्या गोंगाटात तुम्हाला त्या पंख्याचा आवाज ऐकू तरी कसा आला?"

तिच्या ओठांवरची नजर त्यानं हलवली नाही. मग खदखदून हसला.

"आवाज कुटला, पोरी? दोन्ही कान मागांनी कवाच खाल्लं. हात तेवढं शाबूत हायत की!"